सूर्यकिरण आणि त्यांची जेट ट्रेनर विमानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या शहरावर सूर्यकिरणचा कार्यक्रम झाला की पुढचे आठ-दहा दिवस तेच ते प्रश्न येत राहतात. प्रश्न चांगले असतात, पण प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं आता जमत नाही, म्हणून सगळे एकत्र केलेत. आधी सोपे, मग खोचक. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न तिसरा आहे.

१. सूर्यकिरण हे विमानाचं नाव आहे की पथकाचं?

पथकाचं. भारतीय हवाई दलाचं हे कसरती पथक १९९६ मध्ये कर्नाटकातल्या बीदर तळावर उभं राहिलं. हवाई दलाच्या हिशेबात ते ५२ क्रमांकाचं स्क्वाड्रन आहे आणि ब्रीदवाक्य आहे ‘सदैव सर्वोत्तम’. गोंधळ होतो कारण त्यांचं पहिलं विमान खरोखरच ‘किरण’ नावाचं होतं (प्रश्न ५ पाहा). आज ते हॉक एमके १३२ उडवतात. विमान बदललं, नाव राहिलं.

२. ही लढाऊ विमानं आहेत का? जेट ट्रेनर म्हणजे नेमकं काय?

जेट ट्रेनर म्हणजे वैमानिकाला जेट शिकवायचं विमान. हवाई दलात नवा मुलगा किंवा मुलगी आधी पंख्याच्या विमानावर हात बसवते. सध्या ते काम पिलाटस पीसी-७ करतं. लढाऊ शाखेत जाणारे पुढे जेटवर येतात आणि शेवटचा टप्पा हॉकवर पूर्ण करून मगच सुखोई किंवा मिगच्या कॉकपिटमध्ये बसतात.

हॉकमध्ये एकामागे एक दोन खुर्च्या असतात. मागची खुर्ची उंचावर असते, म्हणजे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोक्यावरून पुढचं दिसतं. इंजिन एकच, अ‍ॅडूर जातीचं, आणि त्याला आफ्टरबर्नर (झोतात जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नाही. भारताने २००४ मध्ये ६६ हॉक मागवली. त्यातली २४ ब्रिटनमधून तयार आली, बाकीची हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळुरूत बांधायची होती. पुढे आणखी मागणी गेली आणि काही नौदलालाही मिळाली. २००८ पासून ती सेवेत आहेत.

३. आपल्याकडे सुखोई आहे, राफेल आहे. मग कसरतीसाठी शिकाऊ विमान का वापरतात?

या प्रश्नामागे एक समज असतो की ट्रेनर म्हणजे दुय्यम, हाताशी होतं म्हणून वापरलेलं विमान. कसरतीला विमानाकडून काय लागतं हे पाहिलं की समज आपोआप गळतो.

पहिली गोष्ट जागेची. विमान वळतं तेव्हा वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६५० किलोमीटर वेगाने, ५ जीचा (गुरुत्वाच्या पाचपट जोराचा) आडवा वळसा घेतला तर त्रिज्या साधारण पावणेसातशे मीटर येते. तोच वळसा ताशी ९०० ने घेतला तर ती तेराशे मीटरवर जाते. म्हणजे वेगवान विमान एक कसरत संपवून दुसऱ्या कसरतीसाठी परत येईपर्यंत प्रेक्षक रिकाम्या आभाळाकडे बघत बसणार. छोटं, बेताच्या वेगाचं विमान डोळ्यांसमोर राहतं.

दुसरी गोष्ट आकाराची. हॉकच्या पंखांची रुंदी दहा मीटरच्या आत आहे आणि उड्डाणाचं कमाल वजन ९,१०० किलो. सुखोई-३० ची रुंदी पंधरा मीटरच्या आसपास आणि कमाल वजन हॉकच्या चौपटीहून जास्त. नऊ सुखोई एकमेकांना चिकटून उडवायची म्हटली तर बाहेरचं विमान आतल्यापासून इतकं लांब पडतं की सगळी रचना एका आकारात धरणं फार अवघड होऊन बसतं.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसतच नाही: थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायची दांडी. शेजारच्यापासून ठरलेलं अंतर धरून उडणारा वैमानिक सतत थ्रॉटल कणाकणाने पुढेमागे करत असतो. आफ्टरबर्नर पेटला की जोर एकदम उसळी मारतो. असलं काही नसलेलं साधं इंजिन या कामाला उत्तम.

आणि चौथी, कोणी मोठ्याने बोलत नाही ती. एका लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा ते अठरा विमानं असतात. त्यातली नऊ लाल-पांढरी रंगवून कसरतीला दिली तर अर्धं स्क्वाड्रन गेलं. स्क्वाड्रनांची संख्या आधीच कमी असलेल्या हवाई दलाला हे परवडणारं नाही.

आपण लढाऊ विमानांवर कसरत कधी केलीच नाही असं मात्र नाही. १९८२ मध्ये, हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘थंडरबोल्ट्स’ हे पथक नऊ हंटर विमानांवर उभं राहिलं होतं. ज्यांनी ते पाहिलं ते अजून त्याबद्दल हळवे होऊन बोलतात.

४. कसरतीची हॉक आणि शिकवायची हॉक यांत फरक काय?

रंग आणि धुराची सोय, एवढाच मुख्य. सांगाडा, इंजिन, खुर्च्या त्याच. शिकवायच्या हॉकला शस्त्रंही लावता येतात. ब्रिटनचं रेड अ‍ॅरोज पथक तर पोटाखालच्या तोफेच्या जागीच धुराच्या डिझेलची टाकी बसवतं.

५. आधीचं किरण विमान कसं होतं?

मराठी वाचकांनी या विमानाची ओळख ठेवायला हवी. किरण, म्हणजे एचजेटी-१६, हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. घाटग्यांनी जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलं होतं. वायुगतिकीत यापेक्षा मोठा गुरू त्या काळी नव्हता. किरणचं पहिलं उड्डाण सप्टेंबर १९६४ मधलं.

किरणमध्ये खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. शिकवायला हे फार बरं, गुरुजी विद्यार्थ्याचे हात बघू शकतात. रचनेत उडताना मात्र डाव्या खुर्चीतल्या वैमानिकाला उजवीकडचं विमान बघायचं तर पलीकडच्या खुर्चीवरून नजर टाकावी लागते. कॅनडाचे स्नोबर्ड्स याच ठेवणीच्या ट्यूटर विमानांवर नऊ-नऊच्या रचना करत आले, त्यांचीही हीच अडचण.

सूर्यकिरणकडे किरणची दुसरी आवृत्ती होती आणि तिला ऑर्फियस इंजिन होतं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत नाव कमावलेल्या नॅट विमानाचं इंजिनही ऑर्फियसच. गंमत पुढे आहे. आपण एका खुर्चीचं नॅट लढाईला वापरलं, आणि ब्रिटनने दोन खुर्च्यांचं नॅट शिकवायला. रेड अ‍ॅरोजने १९६५ पासून १९७९ पर्यंत त्याच शिकाऊ नॅटवर कसरती केल्या, मग हॉक घेतलं. सूर्यकिरणही त्याच इंजिनाच्या घराण्यातून हॉकवर आलं, साडेतीन दशकं उशिरा.

६. मधली काही वर्षं पथक दिसलंच नाही. बंद पडलं होतं का?

हो. सुरुवातीच्या शिक्षणाचं ‘दीपक’ विमान, एचपीटी-३२, २००९ मध्ये एका जीवघेण्या अपघातानंतर जमिनीवर बसवलं गेलं. नव्या वैमानिकांना शिकवायला विमानच उरलं नाही, तेव्हा तो भार किरणवर आला आणि पथकाची किरणही शाळेला लागली. फेब्रुवारी २०११ च्या एअरो इंडिया या बंगळुरूच्या हवाई प्रदर्शनानंतर पथक थांबलं. २०१५ मध्ये मोजक्या हॉकवर ते पुन्हा सुरू झालं आणि हळूहळू परत नऊवर पोचलं.

पथकाची विमानं युद्धात लागतील म्हणून काढून घेतली जातील असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती वर्गात लागली.

७. दोन विमानांत अंतर किती असतं, आणि ते धरतात कसं?

जवळच्या रचनांमध्ये पाच मीटरपेक्षाही कमी. धरायची पद्धत ऐकायला साधी आहे. वैमानिक अंतर मोजत नाही, खुणा जुळवतो. शेजारच्या विमानावरचे दोन ठरलेले बिंदू, समजा पंखाचं टोक आणि अंगावरची एखादी खूण, एका रेषेत दिसले की तुम्ही जागेवर आहात. रेषा मोडली की तुम्ही पुढे, मागे, वर किंवा खाली सरकलात. दुरुस्ती लगेच आणि चिमूटभर करायची. उशीर केला तर मोठी करावी लागते, आणि ती तुमच्या पलीकडच्याला भोवते.

म्हणजे लीडर सोडला तर बाकी कोणी जमिनीकडे बघत नाही. आपण उलटे आहोत की सुलटे याच्याशी विंगमनला, म्हणजे लीडरला धरून उडणाऱ्याला, देणंघेणं नसतं. उंची, वेग, वारा, ढग, प्रेक्षकांपासूनचं अंतर या सगळ्याचा हिशेब एकट्या लीडरचा. तो पुढची हालचाल रेडिओवर लांबवून, एका लयीत बोलतो, म्हणजे शब्द संपताना सगळ्यांचे हात एकदम हलतात. चांगला लीडर ओळखायचा तर त्याच्या विमानाकडे बघू नका, कडेच्या विमानांकडे बघा. ती डुलत नसतील तर लीडर मऊ हाताचा आहे.

८. लूपमध्ये सगळ्यांचा वेग सारखाच असेल ना?

नाही, आणि इथेच खरी कसब लागते. रचनेत मागची विमानं लीडरपेक्षा थोडी खाली असतात. लूप म्हणजे उभी गोल गिरकी. तिचा मध्य वर असतो, म्हणजे खालचं विमान मोठ्या वर्तुळावर फिरतं. पाच मीटर खाली असलेल्याला एका लूपमध्ये सुमारे ३१ मीटर जास्त कापावे लागतात, तेही तेवढ्याच वेळात.

त्यासाठी लीडर इंजिन कधीच पूर्ण जोरावर चालवत नाही, थोडी ताकद मुद्दाम शिल्लक ठेवतो. त्याने सगळी वापरली तर मागच्यांना गाठायला काहीच उरत नाही. जेट इंजिन हुकूम दिल्यावर लगेच उचल घेत नाही, क्षणभर विचार करतं. विंगमनला म्हणून अंदाजाने आधीच थ्रॉटल सरकवावा लागतो.

९. समोरासमोर येणारी दोन विमानं अगदी घासून जातात. ती खरंच इतकी जवळ असतात?

तुम्हाला दिसतात तितकी नसतात. दोघांच्या रेषा जमिनीवरच्या खुणांवरून ठरलेल्या असतात आणि एक रेषा प्रेक्षकांपासून थोडी जास्त लांब असते. तुम्ही बाजूने बघता, त्यामुळे हे खोलीतलं अंतर नाहीसं होतं. वेग मात्र खरा: दोघं ताशी ६०० ने आले तर एकमेकांकडे ताशी १,२०० ने सरकतात, म्हणजे सेकंदाला ३३० मीटरहून जास्त. ऐन तुमच्या नाकासमोर ओलांडणं जमवायला सेकंदाच्या अपूर्णांकाचा हिशेब लागतो.

१०. धूर कसला असतो? इंजिन जळत असतं का?

इंजिनाला त्याचा त्रासही नसतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या झोतात तेल किंवा डिझेल सोडतात. त्याची वाफ होते, मागच्या गार हवेत लगेच बारीक थेंब बनतात, आणि तो पांढरा पट्टा आपल्याला धूर वाटतो. रंग हवा असेल तर त्यात रंगद्रव्य मिसळतात. रेड अ‍ॅरोजच्या विमानात पांढरा पट्टा सुमारे पाच मिनिटं पुरतो, लाल आणि निळा प्रत्येकी एकेक मिनिट. म्हणून रंग ते जपून सोडतात. सूर्यकिरणच्या तिरंगी धुराची यंत्रणा हवाई दलाच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत घडली आहे.

धूर निव्वळ शोभेचा नसतो. रचना मोडून दूर गेलेली विमानं परत एकमेकांना शोधताना त्याच पट्ट्याचा आधार घेतात, आणि वारा कुठे ढकलतोय हेही त्यावरून कळतं.

११. दोन खुर्च्या आहेत, मग मागे कोण बसतं?

कार्यक्रमात सहसा कोणी नाही. सरावात मात्र मागे नवा किंवा अनुभवी वैमानिक असू शकतो. एका तळावरून दुसरीकडे जाताना तंत्रज्ञ बसवण्याची चालही काही पथकांत आहे. रेड अ‍ॅरोजमध्ये या तंत्रज्ञांच्या गटाला ‘सर्कस’ म्हणतात.

१२. शरीरावर किती जोर येतो? जी-सूट घालतात का?

५ जी म्हणजे ७० किलोचा माणूस ३५० किलोचा होतो. रक्त पायाकडे ओढलं जातं, नजरेच्या कडा करड्या पडतात, म्हणून पाय आणि पोट आवळणारा जी-सूट घालतात. विंगमनची अडचण वेगळी: त्याची मान लीडरकडे वळलेली असते, आणि जड झालेलं हेल्मेट त्याच तिरप्या मानेवर पेलायचं असतं.

अपवाद अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्सचा. ते जी-सूट घालतच नाहीत. त्यांचा हात मांडीवर टेकलेला असतो. सूट फुगला की मांडी उचलते, हात हलतो, दांडी हलते. इतक्या जवळून उडताना ते चालत नाही, म्हणून ते पोटाचे आणि पायाचे स्नायू आवळून निभावतात.

१३. ढग असले की कार्यक्रम रद्द होतो का?

लगेच नाही. पथकं एकच कार्यक्रम तीन प्रकारांत तयार ठेवतात: ढग उंच असले तर लूपसह पूर्ण, मध्यम असले तर नुसते रोल (आडव्या गिरक्या), खाली असले तर सपाट वळणं आणि रचना. रेड अ‍ॅरोज पूर्ण कार्यक्रमासाठी ढगांचा तळ साडेपाच हजार फुटांच्या वर मागतात. कोणता प्रकार उडवायचा हे लीडर हवेत गेल्यावरही बदलू शकतो. लूप दिसले नाहीत म्हणून ‘यंदा मजा नव्हती’ म्हणणाऱ्यांनी त्या दिवशीचं आभाळ आठवावं.

१४. अपघात झाले आहेत का? मग हे करायचंच कशाला?

झाले आहेत. मार्च २००६ मध्ये बीदरजवळ दोन वैमानिक गेले, जानेवारी २००९ मध्ये तिथेच एक. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूच्या येलहंकावर, एअरो इंडियाच्या आदल्या दिवशी, सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली. त्यांत मिळून तीन वैमानिक होते. दोघं बाहेर फेकले जाऊन वाचले, एक दगावला. हॉकची इजेक्शन सीट शून्य उंची आणि शून्य वेगालाही काम करते, पण आदळण्याच्या क्षणी ती ओढायला वेळ आणि शुद्ध दोन्ही लागतात.

प्रेक्षकांच्या सुरक्षेचे नियम बऱ्याच अंशी २८ ऑगस्ट १९८८ नंतर कडक झाले. जर्मनीतल्या रामस्टाइन तळावर इटलीच्या फ्रेचे त्रिकोलोरी पथकाची तीन विमानं हवेत धडकली आणि एक प्रेक्षकांत कोसळलं. एकूण ७० जण मेले. त्यानंतर प्रेक्षकांच्या दिशेने झेप घेणाऱ्या कसरतींवर आणि रेषेपासूनच्या अंतरावर बंधनं आली.

‘कशाला’ या प्रश्नावर माझं मत विचाराल तर, पथकं भरतीसाठी आणि प्रतिमेसाठी असतात हे खरंच आहे, आणि हवाई दलं ते लपवतही नाहीत. ही किंमत योग्य आहे का यावर शहाणी माणसंही भांडतात. नियम पाळून जोखीम कमी होते, शून्य होत नाही.

१५. वैमानिक कसे निवडतात?

लढाऊ शाखेतल्या अनुभवी, स्वतःहून पुढे आलेल्या वैमानिकांतून. साधारण तीन वर्षं पथकात राहून ते आपापल्या स्क्वाड्रनकडे परततात. नवा माणूस आधी दोन विमानांच्या रचनेत, मग तीन, मग चार असा चढत नऊपर्यंत जातो.

१६. जगातली सगळी पथकं ट्रेनरच वापरतात का?

बरीच. फ्रान्सचं पथक १९८१ पासून अल्फा जेटवर, जपानचे ब्लू इम्पल्स टी-४ वर, सौदी हॉक्स आणि फिनलंडचे मिडनाइट हॉक्स हॉकवर. इटलीवाले एमबी-३३९ वर दहा विमानं उडवतात, नऊ रचनेत आणि एक एकटं.

अपवाद तीन तऱ्हांचे. अमेरिकेची दोन्ही मोठी पथकं आणि स्वित्झर्लंडचं पथक लढाऊ विमानं वापरतात. दक्षिण कोरियाचे ब्लॅक ईगल्स टी-५०बी वापरतात, जे ट्रेनर असूनही स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) आहे आणि त्याला आफ्टरबर्नर आहे. ऑस्ट्रेलियाचे रूलेट्स पंख्याच्या पीसी-२१ वर आहेत, म्हणजे ट्रेनर पण जेट नाही. शिवाय अमेरिकेचे थंडरबर्ड्सही १९७४ मध्ये, तेल महागल्यावर, टी-३८ ट्रेनरवर उतरले होते. जानेवारी १९८२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात सराव करताना त्यांची चार विमानं एकापाठोपाठ जमिनीत घुसली, आणि पुढच्या वर्षी पथक एफ-१६ वर गेलं.

१७. सारंग म्हणजे सूर्यकिरणचाच भाग का? आणि नौदलाचं पथक?

सारंग वेगळं पथक आहे, ते ध्रुव हेलिकॉप्टर उडवतं. नौदलाचं ‘सागर पवन’ मात्र जेटचं होतं, चार किरण विमानांचं. मार्च २०१० मध्ये हैदराबादला प्रदर्शनात त्याचा अपघात झाला, दोन्ही वैमानिक गेले आणि पथकही थांबलं.

१८. विमानं डोक्यावरून गेली तेव्हा जो स्फोटासारखा आवाज आला, तो स्वनातीत वेगाचा का?

नाही. सरळ उड्डाणात हॉक आवाजाचा वेग गाठत नाही. उंचावरून सूर मारला तरच ते ओलांडतं, आणि कसरतीत तसं कोणी करत नाही. मागून बेसावध गाठलं की नऊ इंजिनं एकदम कानात शिरतात, तोच तुमचा स्फोट.

१९. रेड अ‍ॅरोजचं आणि आपलं हॉक एकच?

घराणं एक, पिढी वेगळी. रेड अ‍ॅरोजचं टी१ हे मूळचं मॉडेल, त्याचं पहिलं उड्डाण १९७४ चं, कॉकपिटमध्ये काट्यांची घड्याळं. आपलं १३२ खूप नंतरचं: नाक लांब, इंजिन जास्त ताकदीचं, समोर पडदे.

२०. बघायला आणि फोटो काढायला काही युक्ती?

आवाजाकडे बघू नका. विमान दीड किलोमीटरवर असेल तर आवाज पोचायला चार सेकंदांहून जास्त लागतात, तेवढ्यात ते सातशे मीटर पुढे गेलेलं असतं. धुराच्या पट्ट्याच्या ताज्या, बारीक टोकाकडे नजर ठेवा. उन्हाकडे पाठ करून उभे राहा. जेटला पंखा नसतो, त्यामुळे पातं गोठून दिसण्याची भीती नाही. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद बेधडक ठेवा. रचना फुटल्यावर सगळे मधल्या मोठ्या फुलाकडे कॅमेरे वळवतात. तेव्हा एकदा डावी-उजवीकडे क्षितिजालगत बघा, प्रश्न ९ मधली जोडी तिथूनच येत असते.